भरतीचं वेळापत्रक

आमच्या रसायनशास्त्र विभागाच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं असत. एक विद्यापीठाचं: सत्र कधी सुरू, परीक्षा कधी, सुट्ट्या कधी. दुसरं किराणा दुकानातून फुकट मिळालेलं, तिथीवार. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना वाटायचं, इथली प्राध्यापकमंडळी चतुर्थ्या-एकादश्या पाळणारी दिसतात. आम्ही त्यांना तसं वाटू देत असू. खरी गोष्ट अशी की विद्यापीठाच्या कॅलेंडरावर आमचा पगार चालायचा आणि तिथीवर आमचं रसायनशास्त्र.

मी सध्या सीवूड्सला आठव्या मजल्यावर राहतो. सोसायटीत मला मागून 'थापाडे सर' म्हणतात. ती पदवी मी बी.एस्सी.पेक्षा जास्त कष्टानं मिळवलेली आहे. पण आज लिहितोय त्यात थाप थोडीच आहे, आणि जे वाचून तुम्हाला हमखास थाप वाटेल, तेवढंच खरं धरून चाला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बेलापूर म्हणजे तेव्हा टेकडी, भातखाचरं, मिठागरं आणि कुठंच न जाणारे नवेकोरे रस्ते. शहर कागदावर तयार होतं. आमचं कॉलेजही कागदावर तयार होतं, फक्त त्याला इमारत नव्हती. तोवर सोय म्हणून आम्हाला मिठाचं एक जुनं गोदाम मिळालं. त्यात मध्ये पार्टिशन घालून अलीकडे वर्ग, पलीकडे प्रयोगशाळा.

मिठाच्या गोदामात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा ही कल्पना ज्याची होती त्याला माझा आजही नमस्कार. भिंतींना इतकं मीठ होतं की पोरं कैरी आणून भिंतीला घासून खायची. दोन वर्षांत भिंतीला खोबण पडली. तराजूची पारडी गंजायची, कुलपं गंजायची, प्राचार्यांचा चष्मासुद्धा गंजला. विद्यार्थ्यांना पांढरी पूड द्यायची आणि तिच्यात कुठले घटक आहेत ते ओळखायला लावायचं, हा आमच्याकडचा नेहमीचा प्रयोग. सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले आणि पांढरा साका आला की समजायचं, यात क्लोराइड आहे, म्हणजे मिठाचा भाऊबंद आहे. आमच्या गोदामात काहीही घेतलं तरी पांढरा साका यायचा. पुडीत यायचा, नळाच्या पाण्यात यायचा, रिकाम्या परीक्षानळीत यायचा. पहिल्या वर्षी सगळ्या वर्गाला क्लोराइड सापडलं. बाहेरचे परीक्षक चक्रावले. मी गंभीरपणे सांगितलं, साहेब, आमच्याकडं कॉपी चालत नाही, भिंत चालते.

दुसरं संकट वासाचं. त्याच प्रयोगात हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू लागतो. त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. जवळच्या दिवाळे गावच्या कोळणी आमच्या गोदामासमोरून पाट्या घेऊन जायच्या. एका मंगळवारी त्यांच्यातली गोमाबाय सरळ प्रयोगशाळेत शिरली, पाटी टेबलावर आदळली आणि मला म्हणाली, "मास्तर, तुमच्या घानीपाई गिऱ्हाईक म्हनतं म्हावरं नासलंय. आता ह्ये तुमी घ्या." मासळी विकणाऱ्या बाईनं वासाची तक्रार करावी, असं प्रयोगशाळेच्या नशिबी जगात दुसरीकडं कुठं आलं असेल असं मला वाटत नाही. सगळी पाटी विभागानं घेतली. त्या दिवसापासून तो प्रयोग वारा खाडीकडं वाहत असेल तेव्हाच करायचा, असं ठरलं. मी वेळापत्रकात तसं लिहिलंही: 'वारा पाहून'.

तर हे वेळापत्रक हेच माझं काम. शिकवायला सगळेच शिकवत. पण पदवीची तीन वर्षं मांडायची, कुणी कुठले विषय घ्यायचे, कुठला भाग कशानंतर शिकवायचा, प्रयोगाच्या तुकड्या कशा पाडायच्या, हे सगळं माझ्याकडं. लोकांना वाटतं, अभ्यासक्रम विद्यापीठ देतं, मग यात ठरवायचं काय? अहो, किराणा दुकान देतं, म्हणून स्वयंपाक आपोआप होतो का? पंगतीला जसा क्रम असतो तसा यालाही असतो. समतोल शिकवायच्या आधी आम्लता शिकवली तर जिलबी वाढून झाल्यावर पानं मांडल्यासारखं होतं. पहिल्या वर्षी मुलाच्या ताटात चार विषय असतात. दुसऱ्या वर्षी रसायन आणि त्याच्या जोडीला एक: गणित, नाहीतर भौतिक, नाहीतर वनस्पती. तिसऱ्या वर्षी नुसतं रसायन. जोडीचा विषय म्हणजे पोरांना तोंडीलावणं वाटायचं. पण ज्यांना पुढं शिकायचं असे त्यांचं सगळं भवितव्य त्या तोंडीलावण्यात असे. हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं, एवढंच लिहून ठेवतो.

हे सगळं मी एका मोठ्या पुठ्ठ्यावर रंगीत पेन्सिलींनी आखत असे. लाल म्हणजे प्रयोग, निळा म्हणजे तास, हिरवा म्हणजे ज्याच्या त्याच्या जोडीचा विषय. तो तक्ता पाहून नवे प्राध्यापक घाबरायचे आणि जुने झोपायचे. मला मात्र त्याची फार घमेंड होती. ती पहिल्या सत्राच्या पहिल्याच महिन्यात उतरली.

आमच्याकडं सात विद्यार्थी खाडीपलीकडून येत. रस्त्यानं यायचं तर पनवेलला वळसा, दोन एस.ट्या आणि अर्धा दिवस. होडीनं वीस मिनिटं. त्यामुळं सातही जण होडीनं यायचे आणि सातही जण अर्ध्या प्रयोगातून उठून पळायचे. ब्युरेटमधून थेंब पडतोय, खाली फ्लास्कमध्ये रंग बदलायच्या बेतात आहे आणि एकजण दारातून ओरडतो, "पानी चाललं!" की सातही स्टुलं रिकामी. एकदा मी मागं धावलो. दिवाळ्याच्या धक्क्यावर होडीत पाय टाकणार तोच नाखव्यानं मला दंडाला धरलं.

दाऊद नाखवा त्यांचं नाव. उंच, काटक बांधा, दाढी पांढरी, हात सुकाणूच्या लाकडासारखे. त्या सातांपैकी एक, सईदा, त्यांची मुलगी. मी त्यांना तावातावानं म्हणालो, की चार तासांचा प्रयोग दोन तासांत सोडून ही मुलं पास कशी होणार? त्यांनी शांतपणे खाडीकडं बोट दाखवलं. म्हणाले, "मास्तर, पानी उतरलं का होडी चिखलात बसते. मंग पोरं चार तास मदी. तुमी येल बदला, पानी नाय बदलत."

मग त्यांनी मला ते गणित शिकवलं. आजची तिथी घ्यायची, तिला तिनानं गुणायचं, चारानं भागायचं. येईल ती भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. अष्टमी म्हणजे आठ, चोवीस, सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. भरतीच्या आधी अडीच तास आणि नंतर अडीच तास होडी चालते. रोज वेळ पाऊण तास पुढं सरकते. मी रसायनशास्त्रातला डॉक्टरेट माणूस, धक्क्यावर उकिडवा बसून ओल्या वाळूत काडीनं आकडे काढत होतो.

पुढच्या सोमवारपासून आमच्या कॉलेजात 'भरतीची बॅच' सुरू झाली. सात जणांचे प्रयोग तिथीप्रमाणे. या मंगळवारी दहाला, पुढच्या मंगळवारी दुपारी तीनला. तक्त्यात लाल चौकोन बाजूला सरकत जायचे, महिनाभराचा तक्ता लांबून पाहिला की खाडीत लाटा उठल्यासारखा दिसायचा. प्रयोगशाळा सकाळी सहाला उघडायची तर मीच उघडायचो. सातही मुलं प्रयोग पुरा करून जायची. मला वाटतं माझ्या आयुष्यात मी केलेली ही एकमेव थोर गोष्ट.

विद्यापीठाची तपासणी समिती आली तेव्हा अध्यक्षांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, "मंगळवार, तिथीप्रमाणे? म्हणजे काय, श्राद्ध आहे का?" मी म्हटलं, प्रत्यक्षच पाहा ना. मग चहा मागवला. तो संपल्यावर पुन्हा मागवला. भज्यांचा आग्रह केला. पाणी पुरेसं उतरलंय असं पाहून तिघांनाही दाऊद नाखव्यांच्या होडीत बसवलं. नाखव्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, आकाशाकडं एकदा पाहिलं आणि नांगर उचलला. खाडीच्या मध्यावर होडी चिखलात अशी रुतली की समितीला हलता येईना. साडेचार तास! अध्यक्षांनी पहिल्या तासात नियम सांगितले, दुसऱ्या तासात विनंत्या केल्या, तिसऱ्या तासात नाखव्यांनी दिलेला भात आणि जवळ्याची चटणी खाल्ली आणि चौथ्या तासात मांडीवर कागद ठेवून मंजुरीची सही केली. त्या कागदावर जवळ्याचा तेलकट डाग होता. विद्यापीठात तो डाग बराच काळ शिक्क्याच्या जागी चालला, असं मी सांगतो. त्यातलं निम्मं तुम्ही सोडून द्या.

आता सईदाविषयी.

पहिल्या वर्षाचा प्रयोग. परमँगनेटचं जांभळं पाणी ब्युरेटमध्ये, खाली गरम केलेलं ऑक्झॅलिक ॲसिड. थेंब पडला की जांभळा रंग नाहीसा व्हायचा, शेवटी टिकला की प्रयोग संपला. हजार मुलांनी हा प्रयोग माझ्यासमोर केला असेल. सगळ्यांचं लक्ष शेवटच्या थेंबाकडं. सईदा पहिल्या थेंबाकडं बघत होती. मला बोलावून म्हणाली, सर, पहिल्या थेंबाचा रंग जायला वेळ लागतो. मग पटापट जातो. मग शेवटी परत हळू. मी म्हटलं, बरोबर आहे, तयार होणारा पदार्थच त्या क्रियेला वेग देतो. ती म्हणाली, "पाणी पण असंच चढतं, सर. आधी हळू, मध्ये एकदम, वरती पोचलं की परत हळू."

मी गप्प बसलो. असे प्रसंग माझ्या आयुष्यात कमी. तिनं मला वहीच्या मागच्या पानावर काढलेलं चित्र दाखवलं. अब्बांच्या बांबूवर खुणा करून तिनं दर अर्ध्या तासाला पाण्याची उंची मोजली होती. झोपलेल्या 'एस'सारखी रेघ होती. त्याच्याखाली परमँगनेटची तिनं अंदाजानं काढलेली रेघ, तशीच. दोन्ही गोष्टींची कारणं वेगळी, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, कारण वेगळं असूनही रेघ सारखी का?

बघा, यालाच भौतिक रसायनशास्त्र म्हणतात. रसायनात काय होतं ते पुष्कळांना दिसतं. किती वेगानं होतं आणि तो वेग कसा बदलतो, हे विचारणारे फार थोडे. आणि ते विचारून उत्तर लिहायचं तर कलनशास्त्र लागतं, म्हणजे गणिताचं दुसरं वर्ष. त्या दिवसापासून मला माहीत होतं की ही मुलगी कुठं जायची आहे. तिलाही माहीत होतं. नाखव्यांनाही तिनं सांगितलं असावं, कारण धक्क्यावर ते मला विचारायचे, मास्तर, ती मोठी पदवी किती सालांची?

गणित शिकवायला सबनीस सर येत. ते कधीकाळी माझेही शिक्षक होते. दादरहून पहिल्या बसनं वाशीचा पूल ओलांडून साडेसातला यायचे, दोन तास घ्यायचे आणि दहाला दुसऱ्या कॉलेजात असायचे. मी एकदा त्यांना दहा मिनिटं उशिरा सुरू कराल का विचारलं होतं, तर दोन महिने माझ्याशी बोलले नव्हते. त्यामुळं तक्त्यावरचा गणिताचा चौकोन म्हणजे देवळाचा गाभारा. तिथं पेन्सिल न्यायची नाही.

दुसऱ्या वर्षाचा तक्ता मांडताना मी सईदाच्या नावापुढं हिशोब केला. पंधरवड्यातले सात दिवस ती साडेसातला पोचू शकत होती. उरलेले आठ दिवस त्या वेळी खाडीत चिखल. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम होता, नाहीतर परीक्षेलाच बसता येत नसे. म्हणजे तिचं वर्ष बुडणार. वनस्पतिशास्त्राचे तास दुपारी होते, आणि ते शिकवणारे पाटील सर भल्या स्वभावाचे, सरकवायला तयार. मी मोठ्या खुशीत तिच्या नावापुढचा हिरवा चौकोन गणितातून खोडला आणि वनस्पतीत आखला. विषयांच्या अर्जावर माझ्याच हातानं शेरा लिहिला: 'उपस्थितीच्या सोयीसाठी'. सही केली. त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं, आज एका मुलीचं वर्ष वाचवलं.

तिला विचारलं नाही. मुलांना कशाला विचारायचं? वेळापत्रक मी करत होतो.

तक्ता लागला त्या दिवशी ती त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती. मग माझ्या खोलीत आली.

"सर, माझं गणित का काढलंत?"

मी तिला सगळं समजावलं. हजेरी, तिथ्या, चिखल. पंधरवड्याचा हिशोब फळ्यावर मांडून दाखवला. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "प्रयोग भरतीबरोबर सरकतात. मग गणिताचा तास का नाही सरकत?"

मी म्हटलं, सबनीस सर आहेत, बाई. त्यांना कोण विचारणार? तिसऱ्या वर्षी बघू काहीतरी. ती 'बरं सर' म्हणाली. बाहेर जाऊन भरतीच्या बॅचबरोबर धक्क्याकडं गेली. वनस्पतीत तिला पहिला वर्ग मिळाला. पाटील सर खूश, मी खूश, तक्ता खूश.

तिसऱ्या वर्षी अभिक्रियांचे वेग मीच शिकवत होतो. ती पहिल्या बाकावर. परमँगनेटची तीच रेघ तिला आता समीकरणात लिहायची होती. मी फळ्यावर लिहिलं तर तिनं उतरवून घेतलं, पण मधली पायरी विचारली. मी म्हणालो, ती गणितात येते. असं दर आठवड्याला दोनदा तरी व्हायचं. ती विचारायची, मी 'ते गणितात येतं' म्हणायचो. शेवटी शेवटी ती विचारेनाशी झाली. नुसती वहीत एक ओळ मोकळी सोडायची. तिची वही मी तपासायला घेतली तेव्हा वर्षभराच्या त्या मोकळ्या ओळी मला दिसल्या. गोमाबायनं टेबलावर आदळलेली पाटी परवडली.

बी.एस्सी.ला ती कॉलेजात पहिली आली. एम.एस्सी.च्या प्रवेशाला मीच तिच्याबरोबर गेलो, छाती काढून. विभागप्रमुख सज्जन होते. त्यांनी गुणपत्रिका पाहिली, खूश झाले, मग दुसऱ्या वर्षाचे विषय पाहिले आणि चष्मा काढला. भौतिक रसायनाच्या शाखेला दुसऱ्या वर्षाचं गणित हवंच, असा नियम होता. ऑरगॅनिकला घ्यायला ते तयार होते. मी बोलायला लागलो. भरतीची बॅच, मिठाचं गोदाम, बांबूवरच्या खुणा, झोपलेला 'एस'. मी माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण त्या खोलीत केलं आणि त्यात एकही थाप नव्हती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग सोबत जोडलेली विषयांच्या अर्जाची नक्कल माझ्याकडं वळवून विचारलं, "ही सही कुणाची?"

माझीच होती. 'उपस्थितीच्या सोयीसाठी'.

सईदानं ऑरगॅनिक नको म्हणून सांगितलं. परतताना ती बसमध्ये खिडकीशी बसली होती. पूल आला तेव्हा खाडी पुरी भरलेली होती. ती म्हणाली, "षष्ठी आहे आज." एवढंच. मी मनात हिशोब केला. बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी मी साडेसातला गणिताच्या वर्गाच्या दारात उभा राहिलो आणि सबनीस सरांना सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी विचारायचं होतं ते तेव्हा विचारलं. ते खडूचा डबा हातात धरूनच म्हणाले, "गाढवा, तेव्हा का नाही विचारलंस? बुधवारी आणि शनिवारी दुपारी मी मोकळाच असतो. पौर्णिमेला सांगितलं असतंस तर पौर्णिमेला आलो असतो." मग म्हणाले, "तिला अजून परीक्षेला बसवता येईल. गणित एकच विषय घेऊन एका वर्षात. तू तक्ता कर, मी येतो."

आणि मी तक्ता केला. असा तक्ता मी त्याआधी कधी केला नव्हता आणि नंतर तर नाहीच. पूर्ण वर्षाचा, फक्त एका विद्यार्थिनीचा. प्रत्येक दिवसाची तिथी, भरतीची वेळ सकाळची आणि संध्याकाळची, होडी कधी सुटेल, धक्क्यावर कधी लागेल, गणित कधी, परतीचं पाणी कुठवर. दर तासापुढं सबनीस सर काय शिकवतील ते. सणांच्या दिवशी कंस. ईदच्या दोन दिवसांना मी चंद्रकोर काढली. मला त्यात सहा आठवडे लागले, कारण कुठं एक रेघ वाकडी गेली की मी नवा पुठ्ठा घ्यायचो. एवढी नाजूक कारागिरी एका आठवड्यात ढोबळ करून दिली असती तर काय झालं असतं, याचा विचार तेव्हा मनात आला नाही. मला वाटत होतं, तक्ता जितका सुंदर होईल तितकी माझी सही पुसट होईल.

तक्ता घेऊन मी पहिल्यांदा होडीनं पलीकडं गेलो. सईदा ओट्यावर बसली होती. तिनं पुठ्ठा मांडीवर घेतला आणि पहिल्या महिन्यापासून वाचायला सुरुवात केली, बोट फिरवत. एका ठिकाणी बोट थांबलं. तिनं माझ्या खिशातली पेन्सिल मागितली आणि नवमीच्या चौकोनातलं 'सव्वासात' खोडून 'पावणेसात' लिहिलं. नऊ त्रिक सत्तावीस, भागिले चार. चुकलोच होतो.

मग तिनं सांगितलं की तळोज्याच्या रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत तिला काम मिळालंय, सोमवारपासून. कारखान्याची गाडी वरच्या रस्त्याला येणार होती. गाडीला भरतीची वाट बघायची नव्हती. मी म्हणालो, अगं, एक वर्षाचाच प्रश्न आहे, सबनीस सर स्वतः येणार आहेत. ती म्हणाली, "सर, मी दोन वर्षं वाट बघितली ना. आता कामाला हो म्हटलंय." आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं तक्ता नीट उभा धरला, पुन्हा एकदा पाहिला आणि म्हणाली, "हा अब्बांना देते. त्यांच्या कामाला येईल."

परतीच्या होडीत मी दाऊद नाखव्यांच्या शेजारी बसलो होतो. मी गप्प बसल्याचा हा लेखातला दुसरा प्रसंग.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आमच्या कॉलेजला खरी इमारत मिळाली. भिंतींना मीठ नव्हतं, क्लोराइड हवं तिथंच सापडायचं. पलीकडून येणाऱ्या मुलांसाठी वरच्या रस्त्यानं बस झाली आणि भरतीची बॅच बंद पडली. सगळ्यांना सोयीचं झालं. तक्त्यातले लाल चौकोन एकाखाली एक सरळ उभे राहिले, पलटणीसारखे. मला तो तक्ता बघवत नसे. गोमाबाय वारली. गोदाम पाडलं, तेव्हा मी भिंतीचा एक तुकडा आणायला गेलो होतो. मुकादमानं विचारलं काय करणार, तर म्हटलं, कैरीला लावणार.

त्याच सुमारास एकदा दिवाळ्याच्या धक्क्यावर दाऊद नाखवा भेटले. फार म्हातारे झाले होते, होडी दुसऱ्याला दिली होती. सईदा बरी आहे, कारखान्यात तिच्या हाताखाली चार माणसं आहेत, असं त्यांनी सांगितलं. मी तिला भेटायला येईन म्हणालो. गेलो नाही. मग त्यांनी माझा दंड धरला, पहिल्यांदा धरला होता तसाच.

"मास्तर, तुमचा कागद अजून भिंतीला हाय. सालभर मी त्येच्यावर होडी चालवली. यक भरती चुकली नाय."

मी म्हणालो, एक चुकली होती, नवमीची.

"ती पोरीनं सुधरली व्हती," ते म्हणाले.

आठव्या मजल्यावरून खाडीचा एक तुकडा दिसतो, दोन इमारतींच्या मधून, साडीच्या काठाएवढा. रोज सकाळी चहा झाला की मी कॅलेंडरवर तिथी बघतो. बायको विचारते, आता कुणाची बॅच आहे? मी म्हणतो, सवय. आज तृतीया. तीन त्रिक नऊ, भागिले चार, सव्वादोन. म्हणजे पाणी पावणेबारापासून चालेल. होडी बाराला सुटली तर वीस मिनिटांत दिवाळ्याचा धक्का, तिथून चालत कॉलेज. गणित पाऊण वाजता ठेवायचं. आज शनिवार, सबनीस सर दुपारी मोकळे. परतीला पावणेपाचपर्यंत पाणी आहे. दोन तास आरामात होतात.